पकीप्सीत तुमचं मत कुणाला? जुना करार की नवी राज्यघटना

माझी भाची न्यूयॉर्क राज्यात आठवीत शिकते. मध्यंतरी एका रात्री तिचा फोन आला. वर्गात १७८८ सालची पकीप्सीची परिषद उभी करायची होती. न्यूयॉर्क राज्यातल्या या गावी राज्याच्या प्रतिनिधींनी अमेरिकेची नवी राज्यघटना मंजूर करायची की नाही हे ठरवलं होतं. प्रत्येकाने एकेका प्रतिनिधीची भूमिका घ्यायची आणि शुक्रवारपर्यंत बाजू सांगायची : नव्या राज्यघटनेला होकार की नकार? होकाराच्या बाजूचा म्होरक्या होता अलेक्झांडर हॅमिल्टन. "मामा, इथे सगळ्यांना हॅमिल्टनच व्हायचंय. दुसऱ्या बाजूला कुणी जायलाच तयार नाही. ती बाजू खरंच इतकी चुकीची होती का?"

नव्हती. मी २२ वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवतोय, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेचा विषय निघाला की याच ठिकाणी माझा जीव अडकतो. घटनेला विरोध करणारे लोक खुळे नव्हते, देशद्रोही तर मुळीच नव्हते. त्यांचं म्हणणं नीट ऐकल्याशिवाय बाजू निवडू नये. भाचीशी आठवडाभर जे बोललो ते इथे मांडतोय. तिकडच्या मराठी घरांतून असे प्रकल्प करणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना उपयोगी पडेल.

जुन्या घरात काय होतं

पहिली गोष्ट. १७८७ साली अमेरिका घटनेवाचून चालली होती असं नाही. १ मार्च १७८१ पासून तिथे 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' हा करार लागू होता. १३ राज्यांनी एकमेकांशी केलेली ती मैत्रीची बांधणी होती. काँग्रेसचं एकच सभागृह, आणि प्रत्येक राज्याला एकच मत. व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्याला एक आणि एवढ्याशा डेलावेअरलाही एक. कारभार हाकायला राष्ट्राध्यक्ष नाही, देशाची न्यायव्यवस्था नाही. महत्त्वाच्या ठरावाला ९ राज्यांची संमती लागायची आणि करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची.

खरी गोम पैशात होती. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. राज्यांकडे मागणी पाठवायची आणि वाट बघत बसायचं. आयात मालावर ५ टक्के जकात घ्यावी असा प्रस्ताव आला, तो १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने पाडला. पुढच्या प्रस्तावात न्यूयॉर्कने खोडा घातला, कारण न्यूयॉर्क बंदरातल्या जकातीवर त्या राज्याची तिजोरी भरत होती. पकीप्सीत नकाराच्या बाजूने बसणार असाल तर हा मुद्दा तुमच्या तोंडावर फेकला जाणार, तयारीत राहा.

आणि १७८३ चा जून आठवा. ब्रिटनविरुद्धचं युद्ध जिंकलेलं, पण सैनिकांचा पगार थकलेला. फिलाडेल्फियात चिडलेल्या सैनिकांनी काँग्रेस भरली होती ती इमारतच घेरली. काँग्रेसने पेनसिल्व्हेनिया राज्याकडे संरक्षण मागितलं. राज्याने फौज बोलवायला नकार दिला. तेव्हा देशाच्या सर्वोच्च सभेने गाशा गुंडाळला आणि ती न्यूजर्सीतल्या प्रिन्स्टनला जाऊन बसली. तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जाने आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेज आणि इतरांच्या पुढाकाराने न्यायालयं बंद पाडली आणि जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. काँग्रेसकडे पाठवायला सैन्य नव्हतं. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि राज्याने त्या पैशावर फौज उभी केली.

पण हाच करार चालू असताना ब्रिटनशी तह झाला. आणि याच काँग्रेसने १३ जुलै १७८७ रोजी ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशासाठी जो कायदा केला, त्यात गुलामगिरीला बंदी घातली. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन ही राज्यं पुढे त्याच प्रदेशातून निघाली. कुचकामी म्हणून मोडीत काढलेल्या सभेचं हे काम आहे. मला ते फार मोठं वाटतं.

नव्या घराचा नकाशा

२५ मे ते १७ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फियात राज्यांची परिषद भरली, एकूण ५५ प्रतिनिधी येऊन गेले. ऱ्होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. चर्चा बाहेर जाऊ नये म्हणून ऐन उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन, नव्या घटनेचा मोठा पुरस्कर्ता, पुढे बसून रोज टिपणं काढत होता. काँग्रेसने त्यांना जुन्या कराराची डागडुजी करायला सांगितलं होतं. त्यांनी पाया खणून नवंच बांधलं.

पाच तत्त्वांची यादी मुलं पाठ करतात : लोकांचं सार्वभौमत्व, मर्यादित शासन, सत्ताविभागणी, एकमेकांवर अंकुश, संघराज्य. यादीपेक्षा एक विधेयक हातात धरून चाला, जास्त कळेल. ते आधी प्रतिनिधी सभेत मंजूर व्हायला हवं. हे सदस्य लोकांनी थेट निवडलेले, मुदत २ वर्षं. मग सिनेटमध्ये. तिथे प्रत्येक राज्याचे २ सदस्य, मुदत ६ वर्षं, आणि त्या काळी त्यांना लोक नव्हे तर राज्यांची कायदेमंडळं निवडत (थेट निवडणूक १९१३ मध्ये आली). मग राष्ट्राध्यक्षाकडे, मुदत ४ वर्षं. त्याने विधेयक परत पाठवलं तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमवायची. एवढं करून झालेल्या कायद्याखाली खटला उभा राहिला तर निकाल देणारा न्यायाधीश वर्तन चांगलं असेतोवर पदावर राहणारा, म्हणजे निवडणुकीची भीती नसलेला. चौघांची घड्याळं वेगळी लावलेली आहेत. एखादी लाट आली तरी सगळे एकाच वर्षी तिच्यात वाहून जाऊ नयेत, यासाठी.

मोठी आणि लहान राज्यं यांचं भांडण असं मिटलं : प्रतिनिधी सभेत लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये सगळ्यांना सारख्या. १६ जुलैला हा तोडगा ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी निभावला, मॅसॅच्युसेट्सचं मत दुभंगलं म्हणून. इतक्या बारीक धाग्यावर ते सगळं लटकलं होतं.

जुन्या करारापेक्षा हे सरकार नक्कीच समर्थ होतं. त्याला कर घेता येत होता, राज्या-राज्यांतल्या व्यापाराचे नियम करता येत होते. घटना बदलायला सगळ्यांची मनधरणी नको, तीन-चतुर्थांश राज्यं पुरेशी.

मग लोक अडून का बसले?

इथे मी भाचीला सर्वांत जास्त वेळ थांबवलं.

१२ सप्टेंबरला, काम संपत आलेलं असताना, व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन उठला आणि म्हणाला की यात नागरिकांच्या हक्कांची सनद घाला. एकाही राज्याने त्याच्या बाजूने मत दिलं नाही. मेसनने सही केली नाही. एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी यांनीही केली नाही. ३९ जणांनी केली.

मसुदा बाहेर आल्यावर जे घडलं तेही बघा. २९ सप्टेंबरला पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत मंजुरीची परिषद बोलावण्याचा ठराव होता. विरोधक सभागृहात आलेच नाहीत. गणपूर्तीला ४६ हवेत, हजर ४४. तेव्हा जमावाने विरोधी गटातल्या दोन सदस्यांना त्यांच्या बिऱ्हाडातून अक्षरशः ओढत आणलं आणि बाकावर बसवलं. झाली गणपूर्ती. 'आम्ही लोक' या शब्दांनी सुरू होणाऱ्या घटनेची पहिली पावलं अशीही पडली आहेत.

त्या शब्दांवरच व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीने बोट ठेवलं. 'आम्ही राज्यं' असं न म्हणता 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी, हा त्याचा सवाल होता. वरवर शब्दांचा खेळ वाटतो, पण हा राज्यांचा करार मानला तर राज्य बाहेर पडू शकतं, आणि लोकांचा मानला तर नाही. त्याचं उत्तर मिळायला १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध व्हावं लागलं. आपल्याकडे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हेच उदाहरण दिलं. फुटून निघायचा हक्क राज्यांना नाही हे ठरवायला अमेरिकेला युद्ध करावं लागलं, म्हणून आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवू, आपला संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, असं त्यांनी सांगितलं. हेन्रीचा प्रश्न किती खोल होता ते यावरून समजावं.

पकीप्सीतला मुद्दा मात्र जास्त घरगुती होता. मेलांक्टन स्मिथ हा तिथला विरोधकांचा मुख्य वक्ता. त्याचं म्हणणं असं : पहिल्या प्रतिनिधी सभेत देशभरातून फक्त ६५ सदस्य, त्यांत न्यूयॉर्कचे ६. इतक्या मोठ्या मतदारसंघातून निवडून कोण येणार? नाव असलेला, पैसा असलेला माणूस. मधल्या फळीतला शेतकरी, ज्याला कर भरताना काय होतं ते ठाऊक आहे, तो तिथे पोहोचणारच नाही. प्रतिनिधी हा ज्यांचा प्रतिनिधी आहे त्यांच्यासारखा असावा. (१७९० च्या पहिल्या जनगणनेत लोकसंख्या ३९ लाखांवर निघाली. ६५ ने भागून पाहा.)

मॅडिसनचं उत्तर होतं की लहान राज्यात एकच गट सहज बहुमत जमवून दुसऱ्यांना चिरडतो. देश मोठा असला की गट इतके होतात की कुणा एकाला ते जमत नाही. हा युक्तिवाद फार बुद्धिमान आहे आणि भारतासारख्या देशात राहणाऱ्याला तर तो लगेच पटतो. पण स्मिथच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. गट अनेक असतील हो, पण सभागृहात बसणारे सगळे एकाच थरातले निघाले तर?

दोन्ही पारड्यांत न मोजलेले

बाजू कुठलीही घ्या, ही गोष्ट झाकू नका. प्रतिनिधी सभेच्या जागा मोजताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरली गेली. त्यांना मत नाही, त्यांच्या मालकांच्या राज्यांना जागा मात्र वाढीव. गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत काँग्रेसने हात लावायचा नाही. पळून गेलेला माणूस परत द्यायचा. पकीप्सीत स्मिथने तीन-पंचमांशाच्या कलमावर आक्षेप घेतला. हॅमिल्टनचं उत्तर होतं की ही सवलत दिली नसती तर संघराज्य झालंच नसतं. असेल तसं. पण त्या सवलतीची किंमत भरणाऱ्यांपैकी एकही माणूस त्या दालनात नव्हता.

गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने संपली. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक छापलं आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प झाली आणि मग म्हणाली, "हे मी वर्गात सांगू?" सांग म्हटलं, अवश्य सांग.

तर, मत कुठे टाकायचं?

जून १७८८ मध्ये पकीप्सीत परिषद भरली तेव्हा ६५ पैकी ४६ प्रतिनिधी विरोधात होते आणि १९ बाजूने. अध्यक्षपदी खुद्द गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन, तोही विरोधक. २६ जुलैला निकाल लागला : ३० विरुद्ध २७, घटना मंजूर. मध्ये काय झालं? २१ जूनला न्यूहॅम्पशर हे मंजुरी देणारं नववं राज्य ठरलं आणि घटना अमलात येण्याची अट पुरी झाली. मग व्हर्जिनियाही आलं. आता 'ही घटना चांगली की वाईट' हा प्रश्न उरलाच नाही. आत राहायचं की बाहेर, एवढंच उरलं. आणि मॅसॅच्युसेट्सने फेब्रुवारीत वाट घालून दिली होती : आत्ता होकार द्या, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. तिथेही १८७ विरुद्ध १६८ इतकंच अंतर होतं.

मेलांक्टन स्मिथने होकार दिला.

माझंही मत तिथेच पडतं. जुना करार दुरुस्त होण्यासारखा नव्हता, कारण दुरुस्तीची किल्ली प्रत्येक राज्याच्या खिशात होती. पण नुसत्या हॅमिल्टनच्या बाकावर मी बसणार नाही. हक्कांच्या सनदेची गरजच नाही, उलट ती धोक्याची ठरेल, असं तो छापून सांगत होता. ती सनद आली ती विरोधकांच्या रेट्यामुळे. मॅडिसनलाही निवडणुकीत दुरुस्त्यांचा शब्द द्यावा लागला आणि ८ जून १७८९ रोजी त्याने त्या काँग्रेसमध्ये मांडल्या. भाषण, धर्म, वृत्तपत्र यांचं स्वातंत्र्य, वॉरंटशिवाय झडतीपासून संरक्षण, ज्यूरीपुढचा खटला : आज अमेरिकी माणूस 'माझे घटनेतले हक्क' म्हणून जे सांगतो त्यातलं बहुतेक १५ डिसेंबर १७९१ ला लागू झालेल्या त्या १० दुरुस्त्यांत आहे.

ज्याला एकच बाजू पक्की हवी त्याला सांगेन : वर्गात भांडायचं असेल तर विरोधक व्हा, तुमच्याकडे प्रश्न जास्त चांगले आहेत. दोन्ही बाजू समजून घ्यायच्या असतील तर स्मिथ व्हा.

भाचीने स्मिथ घेतला. सुरुवातीचं भाषण तिने मला फोनवर वाचून दाखवलं. काँग्रेसने राज्यांकडे मुळात १२ दुरुस्त्या पाठवल्या होत्या, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. त्यांतली पहिली होती प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येबरोबर वाढवण्याची, म्हणजे स्मिथच्याच आक्षेपाची, आणि ती आजतागायत मंजूर झालेली नाही. प्रतिनिधी सभेत आज ४३५ जागा आहेत. तिने ४३५ ने भागाकार करून आणला होता आणि तो आकडा ती फळ्यावर लिहिणार होती, हॅमिल्टन झालेल्या मुलाच्या अगदी समोर.