सेन्सर घ्यायचा की फिल्टर लावायचा? मकरपुऱ्याच्या गच्चीवरून

बडोद्यात मकरपुरा किंवा नंदेसरीकडे राहणाऱ्यांना एकच काळजी असते, गच्चीवर रोज जी काळी धूळ बसते तिच्यात शिसं, निकेल आहे का. आणि मग लेझरवाला सेन्सर मागवतात. अहो, तो धातू दाखवतच नाही! कणांवरून विखुरलेला उजेड मोजून तो पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा काढतो, कण लोखंडाचा की अगरबत्तीच्या धुराचा हे त्याला कळत नाही, ०.३ मायक्रॉनच्या खालचं जवळजवळ दिसत नाही, वर दमट हवेत कण पाणी धरून फुगतात म्हणून पहाटे आकडा चढतो नि ऊन पडलं की उतरतो. धूर कुठल्या वेळी येतो एवढं बघायला मात्र तो चांगला आहे, मी त्यासाठीच ठेवलाय.

धातूंसाठी फिल्टरच हवा. सॅम्पलर, म्हणजे फिल्टरमधून हवा ओढणारं यंत्र, भाड्याने घ्या, मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, २४ तासांत साधारण २४ घनमीटर. आमच्या गच्चीवरचा ४७ मिलिमीटरचा पांढराशुभ्र टेफ्लॉन फिल्टर दुसऱ्या दिवशी चिमट्याने काढला तर मधे राखाडी वर्तुळ, फक्त कडेची रिंग पांढरी. पोटात गोळाच आला. हीच हवा पोरं ओढतात ना.

पुढे लॅबमध्ये एक्सआरएफ (फिल्टरवर क्ष-किरण टाकून धातू ओळखणं) की आयसीपी-एमएस (फिल्टरवरचे धातू ॲसिडमध्ये उतरवून मोजणं)? एक्सआरएफमध्ये फिल्टर शाबूत राहतो, लोखंड, जस्त, शिसं एकाच वेळी दिसतं, शिशासाठी मी तेच करीन. पण आर्सेनिकची मर्यादा घनमीटरला फक्त ६ नॅनोग्रॅम, म्हणजे अख्ख्या फिल्टरवर जेमतेम १४४, आणि एक्सआरएफमध्ये शिसं नि आर्सेनिक ज्यांवरून ओळखतात त्या क्ष-किरणांच्या मुख्य रेषा एकमेकींवर बसतात, तिथे ॲसिडमध्ये फिल्टर गेला तरी चालेल, आयसीपी-एमएसच घ्या.

कणांच्या आकारासाठी थराथरांवर आकारानुसार कण वेगळे पकडणारा कॅस्केड इम्पॅक्टर असतो, सोसायटीला तेवढं नको, पीएम १० आणि पीएम २.५ चे दोन सॅम्पलर शेजारी ठेवले तरी पुष्कळ कळतं. निकेल बारीक कणांतच जास्त आणि जोडीला व्हॅनेडियम असेल तर जड इंधन तेलाच्या धुराचा संशय घ्यायचा, रस्त्याची धूळ बहुतेक जाड कणांत सापडते.

एका दिवसाचा रिपोर्ट शिशाच्या २४ तासांच्या, घनमीटरला १ मायक्रोग्रॅम या मर्यादेशी ताडता येतो, निकेल-आर्सेनिकची मर्यादा मात्र वर्षाची आहे आणि त्या सरासरीला वर्षात किमान १०४ मापं लागतात. दिवाळीचे दिवस टाळा, फटाक्यांतही धातू असतात. आणि एक कोरा फिल्टर सोबत पाठवाच, मुळात फिल्टरमध्येच काय होतं ते त्यावरूनच वजा करतात.