टर्बोखालचे नट आणि वाकत्या मानेचं रॅचेट : आठ महिन्यांचा अनुभव

गणपतीच्या आधी घेतलेला हा सेट. परवा जोतिबाची चैत्र यात्रा झाली, म्हणजे आठ महिने झाले. मान वाकणारं ७२ दात्यांचं रॅचेट (दांडा मागंपुढं करून नट फिरवणारा पाना), फूटभर एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारी दांडी) आणि यू-जॉइंटच्या, म्हणजे वाकत्या सांध्याच्या, १२ व १३ नंबरच्या सहापैलू गोट्या (नटावर बसणारे सॉकेट). कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात याच्यावर सात टर्बो डिझेल गाड्यांचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करून बाहेर नेणारे नळ) उतरवले.

कस लागतो तो टर्बोखालच्या नटांवर. मॅनिफोल्ड फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), त्याला टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा दाबणारा पंखा) चिकटलेला, हात जेमतेम मनगटापर्यंत जातो. जुनं ३६ दात्यांचं रॅचेट दहा अंश फिरल्याशिवाय पुढचा दाता पकडायचं नाही, आणि तिथं दांडा तेवढा हलतच नाही. हे पाच अंशांत पकडतं. त्यामुळं दोन गाड्यांचा टर्बो वेगळा न करता मॅनिफोल्डसकट बाहेर आला.

यू-जॉइंटचं मात्र नीट ऐका. गोटी फार वाकडी धरून पहिला जोर लावला की तो नटाला पोचत नाही, स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांडीवर) आडवा पडतो. तिसऱ्या गाडीचा ८ मिलिमीटरचा स्टड माझ्या हातून असाच तुटला. ड्रिल मारून काढण्यात अख्खा दिवस गेला. स्टड ज्यात बसतो त्या इंजिनच्या हेडचे आटे वाचले, म्हणून निभावलं. आता आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो, सकाळी गार इंजिनवर परत मारतो. एक्स्टेन्शन जमेल तेवढं सरळ धरायचं, नट आधी किंचित आवळायचा, 'कट्' वाजलं की सोडायला घ्यायचा. अडला तर पुन्हा तेल, पुन्हा मागंपुढं. सुरुवात कडेच्या नटांपासून, मधले शेवटी. गगनबावड्याकडच्या गाड्यांना तेल दोन दिवस आधीपासून लागतं. तिकडच्या पावसानं नटाचे कोपरे खाल्लेले असतात. तिथं बारा कोनी गोटी घसरते, सहापैलूच धरते.

यू-जॉइंट लुळा पडतो आणि गोटी नटावर बसता बसत नाही. त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारा, ताठ राहते.

सहाव्या महिन्यात १२ च्या गोटीची पिन ढिली झाली, दुकानदारानं बदलून दिली नाही. याचा राग आहे. रॅचेटला अजून काही झालेलं नाही.

बसवताना यू-जॉइंट वापरत नाही, टॉर्क (नट आवळण्याचा ठरलेला जोर) खरा लागत नाही. एक्स्टेन्शन दीड फुटी हवं होतं. ते आता वेगळं घेतोय.