कोकण किनाऱ्यासाठी नवी युद्धनौका: अर्नाळ्याच्या वळणाची की सरयूच्या?

नव्या वर्गाच्या युद्धनौकेची कार्यसंकल्पना, म्हणजे ती कुठे, काय आणि कसं करणार याचा मसुदा, लिहायला बसलं की पहिली चर्चा तोफेवर होते आणि जहाज काय करणार हा प्रश्न शेवटी येतो. क्रम फिरवा. विचारा की १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, समुद्र अजून खवळलेला असतो, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटी बाहेर पडतात; त्या दिवशी आपलं जहाज कुठे असेल आणि काय करत असेल?

समोर दोन नमुने आहेत. पहिला अर्नाळा-माहे जातीचा, उथळ पाण्यात पाणबुडी शोधणारा. लांबी ७७-७८ मीटर, पाण्याखाली जेमतेम २.७ मीटर, वॉटरजेटवर, म्हणजे मागे फेकलेल्या पाण्याच्या झोतावर, चालणारा. (नाव वसईजवळच्या किल्ल्याचं, पण आयएनएस अर्नाळा जून २०२५ मध्ये दाखल झाली विशाखापट्टणमला. माहे मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत.) दुसरा नमुना गोवा शिपयार्डच्या सरयूचा: १०५ मीटरचं गस्ती जहाज, मागे हेलिकॉप्टरसाठी डेक, २०१३ पासून सेवेत.

इंधनाचा हिशेब आधी मांडा. माहेचा पल्ला १४ नॉट्सने (ताशी १४ सागरी मैल) सुमारे १,८०० सागरी मैल, म्हणजे सव्वापाच-साडेपाच दिवस. सरयूचा १६ नॉट्सने सुमारे ६,०००, म्हणजे पंधरा दिवसांच्या वर. पावसाळी लाटेत लांब जहाज कमी आपटतं, हेही सरयूच्याच पारड्यात.

मग अर्नाळा कशाला? सोनारसाठी, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रासाठी. उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यावर आपटत राहतो, त्यात ट्रॉलरच्या इंजिनांची घरघर. अशा गोंगाटात पाणबुडी ओळखायला खास त्याच कामाचं जहाज लागतं. डिसेंबर १९७१ मध्ये दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली ती पाणबुडीच्याच टॉर्पेडोने. वॉटरजेटमुळे जहाजाच्या तळाखाली लोंबणारा पंखा नाही, त्यामुळे जाळं अडकण्याची भीती कमी. पण संथ गस्तीत वॉटरजेट पंख्याइतकं इंधन वाचवत नाही. आणि खोल सोडायचा सोनार मागून ओढत न्यायचा तर वाटेत जाळी आलीच. मासेमारी जिथे दाट आहे तिथे तो कधी सोडायचा आणि कधी गुंडाळायचा, हा परिच्छेद मसुद्यात नसेल तर बाकीची पानं सुंदर असूनही उपयोग नाही.

आंग्र्यांनीही एकाच जहाजात सगळं कोंबलं नव्हतं. तोफा गुराब या मोठ्या जहाजांवर, आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून न्यायची. त्या जोडीची मर्यादाही लक्षात ठेवा: १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयाला दाटीने उभं असलेलं आरमार तिथेच जळालं.

माझा कौल अर्नाळ्याला. बोटी तपासणं, हद्द राखणं ही कामं तटरक्षक दल आणि सागरी पोलीस करतातच. पाणबुडी शोधणं त्यांचं काम नाही. हेलिकॉप्टर नसल्याची उणीव मुंबईचा शिक्रा आणि गोव्याचा हंसा हे नौदलाचे हवाई तळ बरीच भरून काढतील, मात्र त्यांच्याशी समन्वय संकल्पनेत आधीच लिहिलेला हवा. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात असलेल्या बॉम्बे हायच्या तेलफलाटांभोवती आठवडा-आठवडा उभं राहणं हे तुमच्या यादीत पहिलं काम असेल, तर गोष्ट वेगळी. मग सरयूच घ्या, आणि सोनारचा मोह सोडा.