ड्रम की जाड पाइप? भंगारातून धुराड्याची शेगडी

शेतघरावर बार्बेक्यू करायचाय, भंगारवाल्याकडे २०० लिटरचा ड्रमही आहे आणि १६ इंची एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपचा तुकडाही, घेऊ काय, असं एका मित्राने विचारलंय.

पैशांत ड्रमच स्वस्त. भंगार वजनावर जातं. ड्रम वीसेक किलोच्या आत, तर ६ मिमी जाडीचा पाइप मीटरला साठेक किलो. शिवाय पाइपची दोन्ही तोंडं पत्र्याने बंद करायची, म्हणजे वेल्डरची मजुरी वाढली. ड्रम ग्राइंडरने उभा कापला, बिजागऱ्या लावल्या की झाकण तयार.

पण ड्रमचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. निखाऱ्याखालचा भाग दोन-तीन पावसाळ्यांत गंजून चाळणी होतो. पाइप वर्षानुवर्षं टिकतो, आणि एकदा तापला की आच एकसारखी धरतो. चिकन आतपर्यंत शिजायला तेच लागतं. तापायला मात्र वेळ आणि कोळसा जास्त.

ड्रममध्ये आधी काय होतं, हे विचारल्याशिवाय घेऊच नका. केमिकलचा नको. तेलाचा असेल तर धुऊन, पाणी भरूनच कापा. नाहीतर आतल्या तेलाच्या वाफेचा स्फोट होतो. मग मोठा जाळ करून आतला रंग जाळून टाका.

धुराडं दोन्हीकडे सारखंच: हवेच्या भोकाच्या विरुद्ध टोकाला, जाळीच्या उंचीवर. धुराड्याला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप वापरू नका, तापल्यावर जस्ताचा धूर विषारी.

वर्षातून चार-पाचदा पापलेट, पनीर भाजणार असाल तर ड्रम पुरे. दर रविवारी पंगत बसणार असेल आणि शेगडी हलवायची नसेल, तर पाइपच घ्या.