हार्लेमची टॅप-फेरी : पैसे शेवटच्या चाळीस मिनिटांचे

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून जॅझ संगीताचा आणि टॅप नृत्याचा, म्हणजे बुटांच्या तळांनी जमिनीवर ताल वाजवायच्या नाचाचा, इतिहास सांगत नेणाऱ्या पायी फेऱ्या बऱ्याच आहेत. त्यांपैकी एका लहान कंपनीची फेरी मी गेल्या ऑक्टोबरमध्ये केली. माणशी ५५ डॉलर आणि एकूण सव्वातीन तास असा तिचा हिशेब होता. त्यातले अडीच तास रस्त्यावर चालण्यात जातात आणि शेवटची चाळीसएक मिनिटे एका तळघरातल्या लाकडी जमिनीवर, भाड्याचे टॅपचे बूट घालून काढायची असतात. मी पुण्यात बारा वर्षे कथक शिकले आहे, त्यामुळे माझे सगळे लक्ष या शेवटच्या भागाकडे लागलेले होते आणि पैसे वसूल झाले तेही तिथेच.

या विषयाची अडचण अशी की बघायला फारसे काही उरलेलेच नाही. अपोलो थिएटर १२५व्या रस्त्यावर अजून उभे आहे, पण टॅपच्या दृष्टीने महत्त्वाच्या बाकी जागा एकेक करून गेल्या. सॅव्हॉय बॉलरूम हे नाचघर १९२६ ते १९५८ पर्यंत चालले आणि मग त्या जागी निवासी इमारती आल्या. आता तिथे एक फलक तेवढा आहे. लाफायेट थिएटरची इमारत चर्च म्हणून तगून होती, तीही २०१३ मध्ये पाडली. आमच्या मार्गदर्शक सत्तरीच्या आसपासच्या बाई होत्या आणि स्वतः टॅप नर्तकी होत्या. प्रत्येक ठिकाणी थांबून त्या एक जुना फोटो वर धरत आणि समोरच्या सुपरमार्केटकडे किंवा इमारतीच्या दाराकडे बोट दाखवत. पहिल्या तासाभरात हे जरा कंटाळवाणे होते. कॉटन क्लब या नाइटक्लबवर तर त्यांना वीस मिनिटे बोलायला लावले होते. तिथे रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि समोर फक्त गोरे प्रेक्षक अशी व्यवस्था होती आणि १९२७ पासून जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद तिथे वाजत असे, हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. उरलेली पंधरा मिनिटे तो क्लब चालवणाऱ्या गुंडांच्या गोष्टींत गेली. पर्यटकांना त्या आवडतात, असे दिसते.

फेरीला खरी जान आली ती सातव्या ॲव्हेन्यूवर १३१व्या रस्त्याच्या आसपास. लाफायेटला लागूनच ‘हूफर्स क्लब’ नावाची एक साधी खोली होती. हार्लेमचे टॅप नर्तक तिथे दिवसरात्र एकमेकांसमोर नाचत. शिकवणी नव्हती, फी नव्हती. दुसऱ्याचे पाऊल पाहून उचलायचे, पण जसेच्या तसे नाचायचे नाही, त्यात स्वतःचे काहीतरी घालायचे, हा अलिखित दंडक होता. घराण्याच्या बंदिशी पोथीसारख्या जपणाऱ्या आपल्या कानांना हा नियम गमतीचा वाटतो, पण मैफलीत आपलेही चांगले कलावंत तेच करतात. पुढे नावाजलेला टॅप नर्तक जॉन बबल्स तरुणपणी इथे नाचला तेव्हा त्याला हसून बाहेर काढले आणि वर्षभर तालीम करून तो परतला, ही गोष्ट बाईंनी सांगितलीच. पण त्याने नेमके काय बदलले हे सांगायला त्या फुटपाथवर पाय रोवून उभ्या राहिल्या. त्याच्या आधीच्या पिढीतला नामवंत नर्तक बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन लाकडी तळाचे बूट घालून चवड्यांवर नाचत असे, त्यामुळे त्याचा आवाज हलका, वरच्या पट्टीतला आणि अतिशय स्वच्छ होता. बबल्सने टाचा खाली आणल्या आणि गती निम्म्यावर आणून मधल्या मोकळ्या जागेत आडवळणी आघात भरले. साध्या चपट्या बुटांनी बाईंनी आधी रॉबिन्सनची चाल आणि मग बबल्सची चाल दाखवली. त्यापुढे त्यांच्या फायलीतला कोणताही फोटो फिका होता.

याच चौकाजवळ एक एल्म वृक्ष होता. त्याला हात लावला की काम मिळते, अशी कलावंतांची श्रद्धा होती. रस्तारुंदीकरणात १९३४ मध्ये तो तोडला गेला. त्याच्या खोडाचा तुकडा आजही अपोलोच्या रंगमंचाकडेला ठेवलेला असतो आणि नवखे कलावंत मंचावर जाताना त्यावर हात फिरवतात.

फेरीतली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे या नाचाचे मूळ रस्ता ओलांडता ओलांडता दोन वाक्यांत उरकले गेले. साउथ कॅरोलायनात १७३९ साली स्टोनो येथे गुलामांनी उठाव केला आणि त्यानंतर १७४०च्या कायद्याने त्यांना ढोल वाजवायला बंदी केली. ढोल हातातून गेल्यावर लय टाळ्यांत, मांड्यांवरच्या थापांत आणि पायांत उतरली. पुढे मॅनहॅटनच्या दक्षिण भागात फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत आयरिश जिग आणि आफ्रिकी पदन्यास शेजारी शेजारी नाचले गेले. तिथलाच विल्यम हेन्री लेन हा कृष्णवर्णीय तरुण ‘मास्टर जुबा’ म्हणून गाजला. चार्ल्स डिकन्सने १८४२च्या अमेरिका प्रवासात तिथल्या तळघरात पाहिलेल्या एका नर्तकाचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि तो नर्तक जुबाच होता, असे मानले जाते. हार्लेमच्या फेरीत फाइव्ह पॉइंट्सला नेता येणार नाही हे मान्य, पण गुंडांच्या पंधरा मिनिटांतली दहा इकडे वळवता आली असती.

आता तळघराविषयी. बुटांच्या चवड्याखाली आणि टाचेखाली धातूची एकेक पट्टी स्क्रूने बसवलेली असते. माझ्या डाव्या बुटाची पट्टी किंचित सैल होती, म्हणून प्रत्येक पावलाला आवाजाच्या मागे एक बारीक खणखण येई. बाईंनी खिशातून लहान पेचकस काढला आणि स्टुलावर बसून तो स्क्रू आवळता आवळता टॅपचे दिवस का फिरले ते सांगितले. १९४४ मध्ये सरकारने करमणुकीच्या क्लबांवर जबर कर बसवला. गाणे किंवा नाच असेल तर कर, नुसते वाद्यवादन असेल तर नाही. साहजिकच मालकांनी नर्तकांना रजा दिली. त्यातच बीबॉप ही जॅझची नवी शैली आली. हा ऐकायचा जॅझ होता, नाचायचा नव्हे. रंगभूमीवर १९४३च्या ‘ओक्लाहोमा!’ या संगीत नाटकापासून बॅलेच्या वळणाचा नाच रुळला. रॉबिन्सन १९४९ मध्ये वारला तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनी ‘कोपासेटिक्स’ ही मंडळी स्थापन केली आणि पुढची दोन-अडीच दशके या नाचाचा धागा बऱ्याच अंशी अशाच माणसांनी तुटू दिला नाही. पुढच्या पिढ्यांतले टॅप नर्तक ग्रेगरी हाइन्स आणि सॅव्हियन ग्लोव्हर यांची नावे तेवढी घेऊन बाई उठल्या.

मग ‘शफल’ शिकवले : घोटा सैल सोडून चवडा पुढे घासायचा आणि लगेच मागे ओढायचा, दोन आवाज. कथकात तळवा सपाट पडतो आणि शरीराचा भार जमिनीत जातो, त्यामुळे माझा घोटा हट्टाने ताठच राहिला. ‘क्रॅम्प रोल’ मात्र जमला. उजवा चवडा, डावा चवडा, उजवी टाच, डावी टाच. मी मनात ‘तिरकिट’ म्हटले आणि चारही आवाज जागेवर पडले. बाई हसल्या आणि म्हणाल्या की तुझे पाय फार वक्तशीर आहेत, जोडीतला पहिला आवाज जरा रेंगाळू दे. स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, काय असते हे मला पुस्तकांतून कधी कळले नव्हते, ते या एका सूचनेने कळले. नंतर आळीपाळीने चार-चार बार नाचायचे होते. चार मात्रांचे चार बार म्हणजे सोळा मात्रा, आपल्या तीनतालाचे सरळ एक आवर्तन. फरक इतकाच की आम्ही समेची वाट पाहतो आणि तिथे वजन दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडते, त्यामुळे मी दोनदा चुकीच्या ठिकाणी थांबले. कथक नर्तक पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांनी कथक आणि टॅपची जुगलबंदी बरीच वर्षे का रंगवली, हे त्या दोन चुकांनंतर नीट समजले.

तक्रारी आहेत. गटात जास्तीत जास्त बारा जण असतील असे सांगितले होते, प्रत्यक्षात बावीस होतो. त्यामुळे तळघरात दोन तुकड्या कराव्या लागल्या आणि नाचायला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. बाईंचे बोलणे ऐकण्यासाठी कानात लावायचे यंत्र बसच्या आवाजात निरुपयोगी ठरले. लहान मापाचे बूट कमी पडले, म्हणून एका शाळकरी मुलीला दोन मोजे चढवून नाचावे लागले. ई-मेल केल्यावर कंपनीने पुढच्या फेरीसाठी सवलत देऊ केली, पण भारतातून आलेल्याला तिचा काय उपयोग, हे त्यांना सुचले नाही.

तरीही नाचाची, तालाची आवड असणाऱ्याने ही फेरी जरूर घ्यावी. नुसत्या इमारती पाहणाऱ्याने घेऊ नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी कमी असते, असे बाईंनीच सांगितले. जाड मोजे घरून न्यावेत आणि बूट हातात मिळताच दोन्ही पट्ट्या हलवून पाहाव्यात.