भंवरकुआंची ‘रामन’ बॅच: गणिताला पाच तारे, बाकी कारभाराला दोन

इंदुरात भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये हुशार मुलांसाठी शनिवार-रविवारची वेगळी बॅच चालते. सहावीतली आमची लेक एप्रिलपासून तिथे जाते. फी वर्षाची 36,000, पुस्तकांचे वेगळे. पावतीवर मात्र ‘अ‍ॅक्टिव्हिटी क्लब’ असं छापलंय. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये, अशा केंद्राच्या सूचना जानेवारी 2024 मध्ये आल्या, त्यावरची ही युक्ती. काउंटरवरच्या मॅडम हे हसत हसत सांगतात.

निवडीसाठी तासाभराची परीक्षा असते. पेपर घरी आणू देतात, म्हणून पाहिला. निम्म्याहून जास्त प्रश्न सातवीच्या पुस्तकातले. म्हणजे ज्याने दुसऱ्या क्लासात सातवी आधीच उरकलीय, तो प्रतिभावान! निवड झालेल्यांच्या ओळखपत्राला निळी फीत, बाकीच्यांच्या पांढरी.

वर्ग सुटेपर्यंत आम्ही पालक समोरच्या ठेल्यावर पोहे-जिलबी खात उभे असतो. खरी परीक्षा तिथेच चालते. सुदामा नगरच्या एका ताईंची जुळी मुलं आहेत. थोरला निळ्यात, धाकटा तीन मार्कांनी पांढऱ्यात. त्या सांगत होत्या, धाकटा आता कुठलंही गणित घेतलं की आधी विचारतो, ‘हे आमच्या बॅचला येण्यासारखं आहे का?’ त्यावर लोकमान्य नगरचे एक काका म्हणाले, ‘अहो ताई, पुढे जाऊन जग हेच करणार आहे, आत्ताच सवय झालेली बरी.’ ताईंनी पोह्यांची प्लेट तशीच ठेवून दिली.

काकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. ते स्वतः नवोदयचे. 1986 च्या शिक्षण धोरणातून निघालेल्या या शाळांत सहावीला परीक्षा घेऊनच मुलं निवडतात, पण किमान पाऊण जागा ग्रामीण मुलांना असतात आणि राहणं-जेवण सरकारचं. ‘ती परीक्षा नसती तर मी गावातच राहिलो असतो,’ हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पुण्याहून बदलून आलेल्या एक बाई दर शनिवारी ज्ञानप्रबोधिनीचं उदाहरण देतात. तीही बुद्धिमान मुलांसाठीचीच, 1962 मध्ये अप्पा पेंडसेंनी काढलेली. पण तिथे हुशारीबरोबर समाजाचं काहीतरी देणं लागतो हेही शिकवतात. इथे निळी फीत मिळते आणि आठवीच्या नोट्स.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात कोचिंगवाल्यांना बजावलं, की मार्कांवरून मुलांच्या बॅचेस पाडू नका. कुणीतरी ती बातमी पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि तिथे जी जुंपली, विचारू नका. कोचिंगने काय करावं? ‘ए-वन’चं नाव ‘रामन’ केलं आणि बाकीच्यांचं ‘कलाम’. मुलं तशीच, खोल्या त्याच, फिती त्याच. बिचारे कलाम!

आता गणित. रविवारचे गणिताचे सर निव्वळ सोनं आहेत. त्यांनी फळ्यावर 1 ते 10 आकडे लिहिले. कुठलेही दोन पुसायचे, त्यांच्यातला फरक लिहायचा, एकच आकडा उरेपर्यंत. शेवटचा आकडा सम की विषम? बस, एवढंच. पाऊण तास सर खिडकीशी उभे, एक अक्षर बोलले नाहीत. लेकीने तो खेळ घरी आणला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पाटी घेऊन बसले आणि चिडले, ‘दरवेळी विषमच कसं येतं गं?’ ती म्हणाली, ‘अण्णा, फरक नका बघू, फळ्यावरच्या सगळ्यांची बेरीज बघा.’ सुरुवातीला बेरीज 55, विषम. दोन आकडे पुसून फरक लिहिला की बेरीज नेहमी सम संख्येनेच कमी होते. म्हणून शेवटी विषमच. शाळेत पाच मिनिटांत गणितं संपवून वहीच्या मागे मांजरं काढणारी पोरगी रात्री 1 ते 12 घेऊन बसली होती.

यात पांढऱ्या फितीवाल्यांना न समजण्यासारखं काय आहे, ते मला कुणी सांगावं. मी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘मला दोन्हीकडे शिकवायला आवडेल, टाइमटेबल मी नाही बनवत.’

विज्ञानाचा तास म्हणजे आठवीच्या धड्याचं डिक्टेशन. इंग्रजीच्या मॅडम पुष्कळदा नसतातच. पार्किंग नावापुरतं, गाडी लांब लावावी लागते. नवऱ्याचं मत, ‘बॅच सोडली तर पोरीचं नुकसान होईल.’ माझं मत, एका तासासाठी आपण 36,000 भरतोय आणि वरून तिला फितीची चटक लागतेय. परवा ती शेजारच्या ईशानला ‘तू कलाम ना?’ म्हणाली, तेव्हा चांगलीच खरडपट्टी काढली.

कुणाला घ्यायचीच असेल, तर प्रवेशाआधी रविवारचा तास एकदा मागे बसून बघा, सर अजून आहेत ना याची खात्री करा. फक्त गणिताची वेगळी फी घेत नाहीत. मी विचारलंय, दोनदा.