पावसातला एअर रायफल कोर्स: शिकवणं एक नंबर, बाकीचं सुधारा

आधी तक्रार सांगते, म्हणजे पुढचं कौतुक मोकळेपणी करता येईल. वॉश बेसिनपाशी साबण नव्हता. एअर रायफलचे छर्रे शिशाचे असतात. दिवसभर ते चिमटीत धरून भरायचे आणि दुपारी त्याच हातांनी पिठलं-भाकरी खायची, हे माझ्यासारख्या मेडिकल दुकान चालवणाऱ्या बाईला कसं पचायचं? त्यात बॅचमध्ये आठवी-नववीतली पोरं. एकाने तर पुढचा छर्रा ओठात धरून ठेवला होता, शिंपी टाचणी धरतो तसा. शिकवणाऱ्या साहेबांनी त्याला तिथल्या तिथे झापलं, पण साबण आणला तो मी, फाट्यावरच्या दुकानातून. रविवारी सकाळी बेसिनवर नवी वडी आणि धुतलेला नॅपकिन दिसला. म्हणजे ऐकून घेतात, एवढं खरं.

कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना आत वळलं की उसाच्या शिवारात पत्र्याची लांबलचक शेड लागते, तिथे हा शनिवार-रविवारचा प्राथमिक कोर्स चालतो. मी गेले ते भाचीमुळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून तिने घरात रायफलचा धोशा लावलाय. तिची आई म्हणाली, तू एनसीसीत होतीस ना, मग तूच घेऊन जा. एनसीसीत आम्ही .22 (पॉइंट टू-टू, खऱ्या गोळीची रायफल) चालवली होती ती पालथं पडून, वाळूच्या पोत्यावर टेकून. इथे पहिल्या मिनिटापासून उभं राहायचं. त्याचा याच्याशी फारसा संबंध नाही.

गेटवर फ्लेक्स आहे, 'ऑलिंपिकची पहिली पायरी'. जरा अतीच आहे. स्वप्नीलचं पदक 50 मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तेही .22 रायफलने. इथे शिकवतात ते 10 मीटर एअर रायफल. पण सुरुवात यानेच करतात आणि ते बरोबरच आहे, कारण .22 ला शस्त्रपरवाना लागतो. 0.177 इंच बोअरची (म्हणजे नळीचं भोक तेवढं), 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येते. ही माहिती पालकांना फोनवरच नीट सांगितली तर बरं. आमच्या बॅचमधले एक काका पोलीस स्टेशनला चक्कर मारून आले होते.

शिकवणारे निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना साहेब म्हणतात, ते सगळ्यांना ताई, दादा, बाळ. आवाज खणखणीत, पण पत्र्यावर पावसाने जो ताशा धरला होता त्यापुढे सुभेदारसाहेबांचंही काही चाललं नाही. मग त्यांनी शिट्टी आणि हाताच्या खुणांवर काम चालवलं. एक लांब शिट्टी म्हणजे बार बंद, रायफल टेबलावर, नळीतून भगवी नायलॉनची दोरी आरपार. ही सेफ्टी फ्लॅग दिसत नाही तोवर कोणालाही लाईनच्या पुढे पाऊल टाकू देत नव्हते, टार्गेट बदलायलासुद्धा नाही. पालक म्हणून मला सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर हे.

शनिवारची जवळजवळ अर्धी वेळ छर्रा हातात मिळत नाही. रिकामी रायफल उचला, धरा, चाप दाबा, खाली ठेवा. 'पैसे काय हवा मारायला भरले का' अशी कुजबुज झालीच. पण टार्गेटचा कागद हातात घेऊन बघा: काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा, आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्राच साडेचार मिलिमीटरचा आहे, ठिपका त्याच्या पोटात सहज मावतो. उभ्याने चार-पाच किलोचं धूड पेलून एवढंसं काही टिपायचं तर आधी उभं राहता यायला हवं. डावी कोपर कमरेच्या हाडावर टेकवायची, म्हणजे वजन दंडावर न राहता हाडांवरून थेट जमिनीत जातं. हे ऐकायला सोपं आहे. माझी कोपर सारखी हाड सोडून बरगडीकडे सरकायची आणि साहेब मागून येऊन निमूटपणे परत जागेवर ठेवायचे.

दोन दिवसांत सगळ्यात उपयोगी काय मिळालं, तर डोळे मिटायची चाचणी. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. माझी रिंग (नळीच्या टोकाची, जिच्यातून गोल बघायचा ती) दर वेळी काळ्या गोलाच्या उजवीकडे गेलेली असायची. मी नळी डावीकडे ओढायला लागले की साहेब ओरडायचे, "ताई, हात नको, पाय! टाच सरकवा." टाच बोटभर सरकवली, पुन्हा डोळे मिटले, उघडले, तर गोल रिंगच्या मधोमध आलेला! अंगाला जिथे आपोआप रोख धरायचाय तिथेच टार्गेट आणायचं, असा हा सगळा हिशेब. मग श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि आठ-दहा सेकंदांत बार गेला नाही तर रायफल खाली. भाचीला हे खाली घेणंच जमत नव्हतं. "मावशी, आत्ता लागणारच होतं गं," हे मी दोन दिवस ऐकलं.

पावसाचा त्रास कुठे झाला? नेम चुकण्यात नाही, दहा मीटर सगळे छपराखालीच आहेत. झाला तो कागदाला. कोरड्या कार्डावर चपट्या तोंडाचा छर्रा पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतो. शनिवारी दुपारपर्यंत कार्डं इतकी ओलसर झाली की भोकांच्या कडा फाटून केसाळ दिसायला लागल्या, आणि नऊ लागले की दहा यावर पोरांची भांडणं. दुसऱ्या दिवशी कार्डं स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून आली. ज्या गावात जूनपासून पापडही डब्याबाहेर ठेवत नाहीत, तिथे हे आदल्या दिवशी सुचायला काय हरकत होती?

रायफली दोन प्रकारच्या आहेत. बहुतेक वेळ देशी स्प्रिंगची मिळते. बार निघताना ती अंगातच दचकते, त्यामुळे चूक आपली की तिची हे कळत नाही. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाली मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेतली, रविवारी वाट्याला येते, तीही रांग लावून. ती हातात घेतल्यावर माझे छर्रे एकदम रुपयाच्या नाण्याखाली झाकण्याइतके जवळ आले. तिची किंमत लाखांत असते, हे मान्य. मग फी थोडी वाढवा, पण रांग कमी करा. जाकिटांचंही तेच: जाड कॅनव्हासची, मोजकीच, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या. श्रावणातल्या दमट हवेत ती वाळतच नव्हती. वासाबद्दल जास्त लिहीत नाही.

रविवारी दुपारी पाऊस जरा उघडला तेव्हा एका परवानाधारक सीनियर मुलीने शेजारच्या 50 मीटर रेंजवर .22 चं प्रात्यक्षिक दाखवलं. कोर्समध्ये ते धरलेलं नाही, पण मिळालं तर सोडू नका. तिथे नेमबाज छपराखाली आणि गोळी मात्र उघड्यावरून जाते. वारा कळावा म्हणून मध्ये कापडी पट्ट्या लावलेल्या असतात. त्या भिजून लोंबत होत्या. ती म्हणाली, भिजलेली पट्टी हलक्या वाऱ्याला दाद देत नाही, म्हणून मी पलीकडच्या उसाच्या शेंड्यांकडे बघते. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या रायफल प्रकारात, जगज्जेती झाली हे कोल्हापुरात शाळकरी पोरंही सांगतील, पण या प्रकारात एवढं काय काय बघावं लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

फी माणशी अठ्ठावीसशे, जेवण आणि छर्रे धरून. शनिवारी उपास असणाऱ्यांना साबुदाण्याची खिचडी मिळते, आधी सांगावं लागतं. जाकिटाखाली घालायला पूर्ण बाह्यांचे दोन सुती टी-शर्ट न्या, चष्मा असेल तर पुसायला कोरडं फडकं न्या, दमट हवेत काच सारखी धुरकटते. कंबरदुखी असेल तर लपवू नका, उभ्या पोझिशनमध्ये कंबर मागे झुकवावी लागते. एका काकांना त्यांनी टेबलावर टेकून मारायला दिलं आणि काका खूश होते. बारा वर्षांखालच्या पोरांना नेण्यात अर्थ नाही, वजन पेलत नाही आणि मग ती चिडतात. गाडी शेडपर्यंत नेऊ नका, डांबरी संपतं तिथेच लावा. रविवारी संध्याकाळी दोन गाड्या ट्रॅक्टर लावून ओढाव्या लागल्या, आणि ट्रॅक्टरवाल्याने प्रत्येकी पाचशे घेतले.